ओसाका कोणी पाहिलं?

संक्रांतीच्या कार्यक्रमात आसावरी नाडगौडा हॉलमागच्या किचनमधून तरातरा बाहेर आली आणि माइक हातात धरून बोलत असलेल्या स्वतःच्या नवऱ्याला तिने भर सभेत थांबवलं. अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या मराठी घरांमध्ये ही गोष्ट पुढे महिनाभर चघळली गेली. बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: चार फोटोंवरून एवढं कशाला? नवरा-बायकोत तुझं-माझं काय असतं?

फोटोंवरून काहीच झालं नव्हतं. पण हे समजायचं तर आसावरी कोण होती ते आधी माहीत हवं, आणि तिथे ते फारच थोड्यांना माहीत होतं. तिथे ती गुरूची बायको होती, केयाची आई होती, आणि कार्यक्रम असला की 'आसावरी, तू मसालेभात करशील ना?' एवढीच होती.

ती साताऱ्याची. बी.कॉम.ला पुण्यात आली तेव्हा रूममेटने जपानीचा क्लास लावला म्हणून हिनेही लावला. रूममेट दिवाळीपर्यंत कंटाळली, हिला मात्र वेड लागलं. चित्रांसारखी ती अक्षरं हातात बसेपर्यंत ती रात्रंदिवस गिरवायची, बसच्या तिकिटाच्या मागेसुद्धा. परीक्षा एकेक करत पास झाली आणि चाकणजवळच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागली. मशीनच्या एका बाजूला जपानी इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला आपले फिटर, दोघेही आपापल्या भाषेत तावातावाने बोलणारे, आणि मधे ही, डोक्यावर हेल्मेट घातलेली. इंजिनिअर चिडून जे बोलायचा ते ती मराठीत निम्मं सौम्य करून सांगायची. फिटर जे पुटपुटायचा ते जपानीत अजिबात सांगायची नाही. दोन्हीकडचे लोक तिच्यावर खूश होते. तिच्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते.

कारखान्याने एक तुकडी ट्रेनिंगसाठी जपानला पाठवायची ठरवली आणि दुभाषी म्हणून तिचं नाव घातलं. तिने पासपोर्ट काढला. त्याच महिन्यात गुरुनाथचं स्थळ आलं. मुलगा अमेरिकेत, सुट्टी थोडी, लग्न लगेच हवं. तिने विचारलं, तीन महिने थांबता येईल का? सासरच्या मंडळींनी हसून सांगितलं, "जपान काय पळून जातंय का?" गुरूनेही फोनवर सांगितलं, "एकदा सेटल होऊ दे, मी स्वतः नेतो तुला." तुकडीबरोबर तिच्यापेक्षा दोन परीक्षा मागे असलेला एक मुलगा गेला. तिकडून तो तिला फोन करून शब्दांचे अर्थ विचारायचा आणि हळदीचे हात पुसून ती सांगायची.

अमेरिकेत ती आली ती नवऱ्याच्या व्हिसावर, आणि त्या व्हिसावर तिला काम करायची परवानगी नव्हती. शिकलेल्या बाईला इतकी वर्षं घरात बसवणारा असला नियम कोणाच्या डोक्यातून निघतो, हे तिला कधी कळलं नाही. पुढे केया झाली. पुढे कधीतरी परवानगीही आली, पण तोवर तिचं जपानी गाडी चालवताना स्वतःशी पुटपुटण्यापुरतं उरलं होतं. शाळेच्या लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम मिळालं, ते तिने धरलं. 'सेटल' तर गुरू केव्हाच झाला होता. टाउनहाउस झालं, दोन गाड्या झाल्या, हवाईच्या दोन ट्रिपा झाल्या. जपान राहिलं.

परवाच्या सप्टेंबरात केया कॉलेजसाठी ॲन आर्बरला गेली आणि त्याच सुमाराला गुरूच्या कंपनीला ओसाकाचा एक मोठा क्लायंट मिळाला. गोदामांचं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. नाताळापर्यंत गुरूला तिथे राहायचं होतं.

"तू काय करशील तिकडे? मी दिवसभर ऑफिसमध्ये. बोअर होशील," तो म्हणाला.

"मी येणार आहे," आसावरी म्हणाली. लग्नानंतर इतक्या ठामपणे ती बहुधा पहिल्यांदाच बोलली असेल, कारण गुरूने पुढे वाद घातला नाही.

ओसाकात पहिल्याच दिवशी तिची फजिती झाली. भाजीच्या दुकानात तिने पुस्तकात शिकलेलं, घोटून घोटून गुळगुळीत केलेलं वाक्य उच्चारलं, आणि दुकानदाराने जे उत्तर दिलं त्यातला एक शब्द कळेल तर शपथ. तिने शिकलेलं जपानी टोकियोचं, बातम्यांमधलं. ओसाकाची बोली वेगळी, ठसकेबाज, आभार मानायलासुद्धा 'अरिगातो'ऐवजी 'ओकिनी' म्हणणारी. सदाशिव पेठेतून मराठी शिकून कोणी थेट चंदगडच्या बाजारात उभं राहावं, तसं तिचं झालं. मुळा हातात धरून ती रस्त्यात उभी राहिली आणि आधी रडू आलं, मग हसू आलं. दुसऱ्या दिवशी ती त्याच दुकानात गेली. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याने दुकानदार तिच्याशी पावसापाण्याचं बोलायला लागला आणि ती चुकली की मोठ्याने दुरुस्त करायला लागला.

मग तिने शहर पायाखाली घातलं. गुरू सकाळी आठला जायचा तो रात्री जेवायला यायचा. हिची पायपीट सुरू व्हायची. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सगळ्या गल्ल्यांमधून एक गोड वास येत होता आणि कुठून येतोय ते दिसत नव्हतं. शेवटी एका घराच्या कुंपणात ते झाड सापडलं. प्राजक्ताच्या देठाच्या रंगाची, कणीएवढी फुलं, आणि वास मात्र अख्ख्या मोहल्ल्याला पुरून उरणारा. आठवडाभराने पाऊस आला आणि सगळी फुलं रस्त्यावर पडली. म्हाताऱ्या बायका ती झाडूने गोळा करत होत्या आणि तक्रार करत होत्या. तक्रार तिला समजली. त्या दिवशी तिला फार आनंद झाला.

शहराच्या दक्षिणेला, कारखान्यांच्या भागात, नदी ओलांडायला महापालिकेच्या छोट्या बोटी होत्या. फुकट. नदीवरचे पूल खाली जहाजं जावीत म्हणून इतके उंच बांधलेले की सायकलवाल्यांना चढवत नाहीत, म्हणून या बोटी. शाळकरी मुली, कामगार, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका, सगळे सायकली धरून उभे. बसायला जागाच नाही. चार मिनिटांत पलीकडचा काठ. आसावरीला पलीकडे काहीच काम नसायचं. ती उतरायची, थोडं चालायची आणि पुढच्या बोटीने परत यायची. बोटीवरच्या माणसाने एकदा विचारलं, "काही हरवलंय का?" ती म्हणाली, "नाही, सापडलंय." व्याकरण बरोबर होतं की नाही कोण जाणे, पण तो हसला.

नोव्हेंबरात ती डोंगराकडच्या धबधब्याला गेली. तिथे मेपलची पानं वर्षभर मिठात मुरवून त्यांची गोड भजी तळून विकतात. शहराच्या मधोमध जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर जिंकगोची झाडं एका बाजूने पिवळी व्हायला लागली होती, म्हणून ती दर दोन-तीन दिवसांनी तिथे जायची, पिवळेपणा कुठवर पोचलाय ते बघायला. सगळ्याचे फोटो काढायची. फोटो केयाला दिसावेत म्हणून घरच्या सामायिक अल्बममध्ये टाकायची.

आणि निशिओ-सान, म्हणजे निशिओबाई. छप्पर घातलेली एक लांबच लांब बाजारगल्ली आहे. तिच्यात बटणांचं एक दुकान होतं. आसावरीच्या कोटाचं बटण तुटलं म्हणून ती आत शिरली. दुकानात भिंतभर लहान लहान खण आणि प्रत्येक खणावर आतलं एकेक बटण शिवलेलं. निशिओ-सान सत्तरीच्या पुढच्या, ताठ पाठीच्या, लालभडक लिपस्टिक लावणाऱ्या. बटण शोधून देता देता म्हणाल्या, "कोट स्वस्तातला आहे. बटण चांगलं लावलंस तर चांगला वाटेल." एवढं तोंडावर बोलणारं माणूस आसावरीला जपानमध्ये पहिल्यांदाच भेटलं. ती दुसऱ्या दिवशी परत गेली आणि मग जातच राहिली. दुकानात एक स्टूल होतं, ते तिचं झालं.

गुरूच्या ऑफिसातले लोक तिला 'ओकुसान' म्हणत, म्हणजे वहिनीसाहेब. निशिओ-सान तिला आसावरी-सान म्हणायच्या, 'व'वर अडखळत, पण न चुकता. त्यांचा मुलगा टोकियोत होता आणि दुकान बंद करून तिकडे ये म्हणून मागे लागला होता. "गिऱ्हाईक नाही म्हणतो," त्या सांगायच्या. "मी काय गिऱ्हाइकांसाठी उघडते? माझं दुकान आहे, म्हणून उघडते." दुकान त्यांच्या नवऱ्याच्या नावावर होतं, पण चालवलं होतं त्यांनीच. नवरा गेला तेव्हा व्यापारी संघटनेने मरणोत्तर सत्कार केला तो नवऱ्याचा, इतकी वर्षं दुकान उत्तम चालवल्याबद्दल. "मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या," त्या म्हणाल्या. "अजून हात दुखतात."

गुरूच्या बाबतीतली पहिली ठिणगी ओसाकातच पडली होती. क्लायंटने जेवायला बोलावलं होतं, बायकोसह. जेवताना गुरूने कामाचं वेळापत्रक मांडलं, तेव्हा क्लायंटकडचे साहेब म्हणाले, "केन्तो शिमास्." शब्दशः अर्थ, आम्ही विचार करू. गुरू खूश झाला. परत येताना आसावरीने त्याला सांगितलं, "ते नाही म्हणालेत. सभ्यपणे नाही म्हणालेत. त्यांना तुमचं वेळापत्रक मान्य नाही. उद्याच बदल." त्याने बदललं. दोन दिवसांनी ती दुसऱ्या खोलीत असताना तो अमेरिकेतल्या साहेबाशी कॉलवर बोलत होता: "इथलं कल्चर वाचता आलं पाहिजे. ते 'विचार करू' म्हणाले, तिथेच मी ओळखलं की हे नाही आहे."

*मी* ओळखलं. आसावरीने ते गिळलं. एक शब्द, त्याच्या नोकरीचा प्रश्न, जाऊ दे. बायका जे 'जाऊ दे' म्हणतात त्याचा हिशेब कोणी कधी ठेवत नाही.

रात्री जेवताना ती दिवसभराचं सांगायची. बोटी, भजी, निशिओ-सान. तो फोनवर बोट फिरवत जेवायचा. तो ऐकत नाही असं तिला वाटायचं. तो ऐकत होता, हे तिला जानेवारीत कळलं.

डिसेंबर अर्धा सरला. जिंकगो झडून गेले, गल्लीच्या तोंडाशी भाजलेल्या रताळ्यांची गाडी उभी राहायला लागली. निघायच्या आदल्या दिवशी निशिओ-साननी तिला शिंपल्याची सहा बटणं दिली, आजोबांच्या काळातली. पैसे घेतले नाहीत. रडल्याही नाहीत. म्हणाल्या, "हा कोट फेकशील तेव्हा बटणं आधी काढून घे."

नाताळाला दोघं फ्रीमाँटला परत आली. जानेवारीत मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संक्रांतीच्या कार्यक्रमाचं पोस्टर आलं. 'ओसाका: एका शहराशी मैत्री. वक्ते: गुरुनाथ नाडगौडा.' मागे तिने बोटीवर काढलेला फोटो.

"हे काय?" तिने विचारलं.

"अगं, टायटल जगन्नाथकाकांनी दिलं. मी आपलं तिथल्या वर्क कल्चरबद्दल बोलणार, दहा-पंधरा मिनिटं." जगन्नाथकाका म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, सगळ्यांत जुने, सगळ्यांचे काका.

"फोटो माझा आहे."

"अल्बममधला आहे. फॅमिलीचा."

रविवारी दुपारी कार्यक्रम. आसावरी नेहमीप्रमाणे किचनमध्ये होती. लताकाकू, म्हणजे जगन्नाथकाकांच्या पत्नी, गुळाच्या पोळ्या गरम करत होत्या, आसावरी त्यांवर तूप सोडत होती. हॉलचं दार उघडंच होतं. पहिल्यांदा कानावर आलं ते बोटींचं. गुरू सांगत होता, "ऑफिस सुटलं की मी मुद्दाम नदीकाठी जायचो. बोटवाल्याने एकदा मला विचारलं, काही हरवलंय का? मी म्हटलं, नाही, सापडलंय." हॉलमध्ये वाहवा झाली.

आसावरीच्या हातातला तुपाचा चमचा क्षणभर तसाच राहिला. लताकाकू म्हणाल्या, "काय छान बोलतो गं गुरू! आम्हाला माहीतच नव्हतं."

मग फुलांचा वास आला. मग भजी आली. तिचं एकेक वाक्य, रात्रीच्या जेवणात तिने घास गिळत, हसत, हातवारे करत सांगितलेलं, त्याच्या तोंडून, आणि ते 'मी'ने सुरू होत होतं. ती उभी होती. अजूनही ती बाहेर गेली नसती. हे तिने नंतर स्वतःच सांगितलं: तिथवर मी तूपच सोडत होते.

मग तो बटणांच्या दुकानावर आला.

"बाजारात एक म्हातारी होती," गुरू म्हणाला. "बिचारी! दुकानात काळं कुत्रं फिरकत नसे. लालभडक लिपस्टिक लावून बसायची, गिऱ्हाइकाची वाट बघत." लोक हसले. त्याने आवाज बारीक केला, डोळे मिचकावले आणि जपानी वाटेल असलं काहीतरी अगम्य, चिरकं बोलून दाखवलं, कमरेत वाकून. लोक आणखी हसले. "मला दया आली हो. मला बटणांचं काय करायचंय? पण सगळी विकत घेतली. ती माझे हात धरून रडायलाच लागली..."

आसावरी बाहेर आली. अंगावर ॲप्रन, हातात चमचा.

"थांब," ती म्हणाली.

माइकशिवायही ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. कारखान्यात मशीनच्या आवाजावर बोलायची सवय तिच्या गळ्याने जपून ठेवली असावी.

"आसावरी, एक मिनिट, संपतच आलंय," गुरू हसत म्हणाला.

"तू त्या दुकानात गेला होतास?"

"अगं..."

"गेला होतास का? हो की नाही?"

कोणाचं तरी लहान मूल तिळगुळासाठी कुरकुरत होतं तेवढंच.

"त्या बाईंचं नाव काय?" आसावरीने विचारलं. "तुझे हात धरून रडल्या ना? नाव सांग त्यांचं."

गुरूला सांगता आलं नाही. तिने ते नाव त्याला किमान शंभरदा सांगितलं होतं.

"निशिओ," ती लोकांकडे वळून म्हणाली. "त्या बिचाऱ्या नाहीत. त्या रडल्या नाहीत. त्यांनी कोणाकडे दया मागितली नाही. बटणं विकली नाहीत, मला भेट दिली. आणि त्या असल्या चिरक्या आवाजात बोलत नाहीत. आपल्यापैकी कोणी ऑफिसात बोललं की इथले लोक मागून आपल्या उच्चारांची नक्कल करतात, तेव्हा घरी येऊन आपण किती तणतणतो! आणि इथे बसून हसलात सगळे."

जगन्नाथकाका लगबगीने उठले. "आसावरी, बाळ, हे बघ, घरातलं घरात. सणाचा दिवस आहे. गोड गोड बोला म्हणतो ना आपण."

"काका, तो तिथे उभा राहून खोटं बोलला ते चाललं. मी खरं बोलले ते घरातलं?"

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक तरुण मुलगी उभी राहिली. हिमानी तिचं नाव. नागपूरची, वर्षभरापूर्वीच नोकरीसाठी इथे आलेली. ती म्हणाली, "मग तुम्हीच सांगा ना काकू. आम्हाला ऐकायचंय."

लोकांना सुटल्यासारखं झालं. दोन-चार टाळ्याही पडल्या. सगळं गोडीगुलाबीत मिटवायची ही चांगली सोय होती: बाई वर येईल, चार आठवणी सांगेल, नवरा बाजूला उभा राहून कौतुकाने हसेल.

"नाही," आसावरी म्हणाली. "आत्ता मला राग आलाय. असल्या रागात मी त्या गावाबद्दल बोलणार नाही."

तिने ॲप्रन काढून खुर्चीवर टाकला, कोट घेतला आणि चालत निघाली.

फ्रीमाँटच्या मोठ्या रस्त्यांवरून चालत कोणी जात नाही. सहा पदरी रस्ता, बाजूला कडेकडेने फुटपाथ, त्यावर ती एकटी. थोड्या वेळाने गुरूची गाडी मागून आली आणि तिच्या चालीने सरपटायला लागली. काच खाली झाली.

"बस गाडीत."

ती चालत राहिली.

"लोक काय म्हणतील याचा विचार केलास? माझी टीम होती तिथे. प्रसाद होता, त्याची बायको होती."

"त्यांना सांग, विचार करू."

टोमणा त्याला लागला. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. "हे बघ, मी तुझंच तर सांगत होतो ना? एका अर्थी तुझंच कौतुक. आणि तुझं-माझं काय गं? आपण दोघं गेलो होतो ओसाकाला."

आता ती थांबली. खिडकीशी वाकून म्हणाली, "आपण दोघं ओसाकाला गेलो होतो. पाहिलं मी. तू गोदामं पाहिलीस, त्याचं सांग ना! कोणी अडवलंय? माझ्याकडे एवढंच होतं, गुरू. इतक्या वर्षांत एवढंच माझं स्वतःचं. आणि ते नेलंस ते नेलंस, वर त्या बाईंचं माकड केलंस."

गुरूने गाडी कडेला घेतली. ती चालत घरी गेली.

रात्री केयाचा फोन आला. "मॉम, बाबा इज रिअली अपसेट."

"असू दे."

"यू कुड हॅव टोल्ड हिम ॲट होम."

"केया, तुला माहीत होतं ना ते फोटो कोणी काढलेत?"

मग पोरगी मराठीत म्हणाली, "हो. त्याने मला स्लाइड्स पाठवल्या होत्या. मी म्हटलं, छान झाल्यात." आणि थोडं थांबून, "सॉरी आई." एरवी ती 'मॉम' म्हणायची.

आठवडाभर घरात दोघांचं बोलणं भाजी, कचरा आणि वीजबिलापुरतं राहिलं. मग एका संध्याकाळी गुरूने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा खुलासा त्याने लिहिला होता. 'माझ्या भाषणातील काही अनुभव माझ्या पत्नीच्या मदतीने...'

"मदत?" आसावरी म्हणाली.

त्याने लॅपटॉप परत घेतला. अर्ध्या तासाने पुन्हा आणला. 'भाषणातील सर्व अनुभव आणि छायाचित्रं आसावरीची होती. मी त्यापैकी कुठेही गेलो नव्हतो. ज्या दुकानदार बाईंची मी नक्कल केली त्यांना मी कधी भेटलो नाही. ते चुकलं.' वाचून तिने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. त्याने समोरच पाठवून दिलं. त्याचे कान लाल झाले होते. तिला त्याची कीवही आली, आणि कीव आली याचा पुन्हा रागही आला.

ग्रुपवर खाली अंगठे आले, नमस्काराचे हात आले. एका गृहस्थांनी लिहिलं, 'गुरुनाथ, दिलदार माणूस!' चूक कबूल केली म्हणून शाबासकीही त्यालाच. आसावरीने फोन उपडा ठेवला.

फेब्रुवारीत जगन्नाथकाकांचा फोन आला. मार्चमध्ये महिला दिनाचा कार्यक्रम आहे, पाककृती स्पर्धेनंतर दहा मिनिटं तू ओसाकावर बोल. ती म्हणाली, "काका, गुरूला कार्यक्रमाचं मुख्य भाषण दिलं होतंत. मलाही तेच द्या. महिला दिनाचं नको आणि पाककृतींनंतरचं तर नकोच." काका म्हणाले, कमिटीत विचार करू. ती म्हणाली, "विचार करू म्हणजे नाही, हे मला कळतं. हो असेल तरच फोन करा." फोन यायला तीन आठवडे लागले. हिमानी कमिटीत शिरली होती, असं नंतर कळलं.

एप्रिलमध्ये ती बोलली. हॉल संक्रांतीइतका भरला नव्हता, जेवण नव्हतं ना. तिने कागद आणला नव्हता. दुकानात आपल्याला पहिलं उत्तर कळलं नाही तिथून सुरुवात केली आणि मुळा धरून रस्त्यात रडल्याचंही सांगितलं. चाकणचा कारखाना सांगितला. आपल्या जागी गेलेल्या मुलाचंही सांगितलं, आणि तेव्हा पुढच्या रांगेतल्या काही बायका एकमेकींकडे न बघता मांडीवरच्या हातांकडे बघायला लागल्या. लताकाकू त्यांच्यातच होत्या. निशिओ-सानबद्दल तिने थोडंच सांगितलं, त्यांना पत्र टाकून विचारलं होतं आणि त्या हो म्हणाल्या होत्या तेवढंच. गुरू शेवटच्या रांगेत बसला होता. ये असं तिने म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही नाही.

बोलणं संपल्यावर जगन्नाथकाकांनी प्रश्नांना सुरुवात केली. पहिला हात वर केला तो एका सद्गृहस्थांनी. ते उन्हाळ्यात सहकुटुंब जपानला निघाले होते. ते खुर्चीतच मागे वळले आणि शेवटच्या रांगेकडे बघून म्हणाले, "गुरुनाथ, तिकडे शाकाहारी जेवणाची काय सोय?"

एवढा वेळ आसावरी उभी राहून बोलली होती, माइक तिच्या हातात होता.

गुरू उठला. "मला विचारू नका," तो म्हणाला. "मी रोज ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवलो. मला ठाऊक नाही."

तो खाली बसला. गृहस्थ अर्धवट वळलेले, थोडे गोंधळलेले. त्यांची मान पूर्ण पुढे येईपर्यंत, आसावरीकडे बघून त्यांनी तोच प्रश्न तिला पुन्हा विचारेपर्यंत ती माइक धरून तशीच उभी राहिली. मग तिने उत्तर दिलं.